तांडेलाचं ताट

सत्यवतीला हेवा करायची सवय लहानपणापासूनची. पेडण्यातल्या कोरगावला माहेरी असताना थोरल्या बहिणीच्या लांब केसांचा, मग शेजारणीच्या शिलाई मशीनचा, आणि लग्नानंतर, ज्या ज्या बाईचा नवरा संध्याकाळी पाचला घरी यायचा त्या त्या बाईच्या पाच वाजण्याचा. नवऱ्याचा नव्हे हं, पाच वाजण्याचा. हे ती कुणापासून लपवत नसे. "देवान माका सगळा बरा दिल्यान," ती म्हणायची, "पोट तेवढा जळकुटा दिल्यान." आणि स्वतःच खो खो हसायची. असं हसून सांगणाऱ्या बाईचा कुणी राग धरत नाही, त्यामुळे तिचं निभावून गेलं.

तिचा नवरा शिवदास गांवस बार्जीवर तांडेल होता. डिचोलीतल्या सारमानसच्या धक्क्यावर खनिज भरायचं, मांडवीतून खाली मुरगावला नेऊन जहाजात रिकामं करायचं आणि भरतीच्या पाण्याबरोबर पुन्हा वर यायचं, हा बार्जीचा धंदा; आणि बार्जीवरच्या खलाशांचा म्होरक्या तो तांडेल. दोर त्याच्या हुकमानं सुटायचे, त्याच्या हुकमानं बांधले जायचे. सोमवारी सकाळी गेलेला शिवदास शनिवारी घरी उगवायचा, जेवायचा, झोपायचा, रविवारी केस कापून घ्यायचा, की सोमवारी पुन्हा पसार. बोलणं मोजकं. बार्जीवर काय झालं, कोण काय म्हणालं, कुणी कुणाची फजिती केली, यातलं चकार अक्षर घरात यायचं नाही.

बार्जीचं नाव 'जयलक्ष्मी'. वाड्यावरच्या बायकांना एवढं पुरेसं होतं. लांबून भोंगा ऐकू आला की विहिरीवर कुणीतरी म्हणायचंच, "सत्यवती, तुजी सवत इली गो धक्क्यार!" सत्यवती त्यांच्याबरोबर हसायची आणि घरी येऊन भांडी आपटायची. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तिनं एकदा म्हणून बघितलं होतं, "माका एकदा दाखवा तरी तुमची बार्ज." शिवदास म्हणाला, "बार्जीर बायलमाणसां चढनत नाय." विषय संपला. एकतीस वर्षं तिनं जयलक्ष्मी बघितली ती धक्क्यावरूनच, तीही जाता-येता, आपलं काही काम नसल्यासारखं दाखवून.

म्हणून खाणी बंद झाल्या तेव्हा सगळ्या तालुक्यानं कपाळाला हात लावला, ट्रकवाले रडले, गॅरेजवाले रडले, रस्त्यावरचे चहावाले रडले, आणि सत्यवतीनं मात्र दार लावून खीर केली. तिला लोकांचं वाईट वाटलं नाही असं नाही. पण जयलक्ष्मी चिखलात रुतून गंजते आहे आणि तांडेल आपल्या अंगणात बसून नारळ सोलतो आहे, हे तिला इतकं गोड वाटलं की खिरीत गूळही जरा जास्तच पडला.

पुढची सात-आठ वर्षं तिची. तांडेल घरात बोलायला लागला असं नव्हे, पण घरात असायचा. मिरच्या लावायचा, बाजारातून बांगडे आणायचा, लेक तनया फोंड्याला दिली होती तिच्याकडे दोघं बसनं जायची. बसमध्ये खिडकीची जागा तो तिला द्यायचा. एवढ्यावरही सत्यवती खूश होती. हेवा करायला कुणी उरलं नाही म्हणून तिला कधीकधी चुकल्यासारखं व्हायचं.

मग तो विसरायला लागला. आधी चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान, मग नातवाचं नाव. एक दिवस दुपारी शर्ट घालून निघाला आणि सारमानसच्या ओस पडलेल्या धक्क्यावर जाऊन उभा राहिला. फेरीबोटीवरच्या माणसांनी ओळखून घरी आणून सोडला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, डिमेन्शिया. हे बरं होत नाही, सांभाळायचं असतं, असंही सांगितलं. कसं सांभाळायचं ते मात्र घरी जाऊन आपलं आपण शोधायचं होतं.

सत्यवतीनं शोधलं. दाराला वरच्या बाजूनं कडी लावायची, विळी उंचावर ठेवायची, त्यानं दहाव्यांदा विचारलं तरी पहिल्यांदा विचारल्यासारखं उत्तर द्यायचं. तीन वर्षांत ती कोरगावच्या जत्रेला गेली नाही. भावाच्या मुलीच्या लग्नाला गेली नाही. उजवा खांदा धरला होता, तो कुणाला दाखवायला सवड नव्हती. आंघोळसुद्धा न्हाणीचं दार उघडं टाकून, एक डोळा बाहेर ठेवून, दोन तांब्यांची. आता तिला हेवा वाटायचा तो न्हाणीचं दार लावून घेणाऱ्या बायकांचा. अशा बायका जगात किती आहेत हा विचार मनात आला की तिला गोवाभर बायकाच दिसायच्या.

येणारे-जाणारे सल्ले देऊन जायचे. कुणी म्हणे बदाम द्या, कुणी म्हणे देवाला गाऱ्हाणं घाला, एकजण म्हणाला, तांडेलाक जरा गुंतवन ठेवा. "तू येवन ठेव," सत्यवती म्हणाली. तो पुन्हा आला नाही.

पण कामाचं तिला तेवढं नव्हतं. कामाला ती कधी भ्यायली नाही. तिला खरी झोंबली ती दुसरीच गोष्ट. शिवदासचं घर पुसलं गेलं, लग्न पुसलं गेलं, आणि मागं शाबूत राहिली ती बार्ज. मागल्या पडवीत तो खांबाला दोर बांधायचा, सोडायचा, पुन्हा बांधायचा. ओसरीवर उभा राहून पाणी किती चढलं ते विचारायचा. अंगणात पाणी नव्हतं, तुळस होती. सत्यवती म्हणायची, "अहो, मी सत्यवती. ह्या आपला घर." तो सभ्यपणे मान हलवायचा आणि पलीकडे बघायचा. चिखलात गंजून पडलेली ती सवत उठून आली होती आणि नवरा परत घेऊन गेली होती. आता कुणावर भांडी आपटायची?

आणि तो जेवेना. चहा घ्यायचा, पोईचा पाव चहात बुडवून उभ्या उभ्या खायचा. पण ताट पुढं आलं की बसून राहायचा. हात मांडीवर, नजर इकडं तिकडं. "जेवा," म्हटलं की "जेवतंय मागीर." ते मागीर काही यायचं नाही. सत्यवती घास करून तोंडाशी न्यायची, तो तोंड फिरवायचा. कधी चार घास गेले तर तिला देव पावल्यासारखं व्हायचं. सहा महिन्यांत त्याच्या गळ्याची हाडं वर आली.

तनया फोंड्याहून आली, बापाकडे बघितलं, मग आईकडे बघितलं आणि तिनं परस्पर बाई ठरवली. मंजुळा. बेळगावकडची, पंचेचाळीसच्या आसपासची. तिचा नवरा अशोक डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. म्हापशाला एका म्हातारीला तिनं शेवटपर्यंत सांभाळलं होतं. सकाळी नऊ ते दुपारी एक यायचं ठरलं.

"माका काय जाला म्हणान बाई?" सत्यवती फोनवर लेकीला म्हणाली. "मी मेलंय?"

"मरशीत आई, म्हणानच," तनया म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

मंजुळा आली ती मोठ्यानं बोलत. बेळगावकडच्या बायका स्वतःला 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, तशी तीही दारातून "मी आलो वैनी!" करून ओरडायची. पहिल्याच दिवशी शिवदासनं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "बाबलीच्या जाग्यार तुका धाडला?"

बाबली हा त्याचा जुना खलाशी, वारून बारा वर्षं झाली होती. मंजुळाला यातलं काय ठाऊक! पण ती अडखळली नाही. "व्हय तांडेल," म्हणाली. झालं. त्या घडीपासून मंजुळा बार्जीवर कामाला लागली. तिच्या मी-आलो-मी-गेलोनंच म्हातारा फसला असं सत्यवतीचं मत होतं, पण फसला हे खरं. "दोर धर," म्हणाला की ती धरायची. "आंघोळ करा तांडेल, मुरगाव आलं," म्हणाली की तो मुकाट न्हाणीत जायचा. ज्या आंघोळीसाठी सत्यवतीनं शपथा घातल्या, रडली, एकदा तर चापट मारून नंतर तासभर स्वतःच्या तोंडात मारून घेतलं, ती आंघोळ ही परकी बाई दहा मिनिटांत उरकायची.

वर ती सत्यवतीलाच हुकूम सोडायची. "बारा वाजले. वैनी, तुम्ही न्हाऊन घ्या. दार लावून. मी हाय हितं." सत्यवती दार लावून आंघोळ करायची. पहिल्या दिवशी गरम पाणी अंगावर घेताना तिला रडू आलं. दुसऱ्या दिवशी नाही आलं. तिसऱ्या दिवशी ती बाहेर आली तर पडवीत शिवदासचं ताट लख्ख रिकामं. चाटूनपुसून.

"जेवले?" तिनं विचारलं.

"जेवले की. भात परत मागितला," मंजुळा म्हणाली.

आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल कुठंतरी तळाशी. पण वर आला तो जळफळाटच. सहा महिने जे ताट तिच्या हातचं उष्टंसुद्धा झालं नाही, ते त्या बाईच्या हातून तीन दिवसांत रिकामं व्हायला लागलं. स्वयंपाक सत्यवतीचा, आमटी सत्यवतीची, तांदूळ सत्यवतीनं निवडलेले, आणि जेववणार ती! मंजुळाचे हात कसे आहेत, ती नाकात काय घालते, कुंकू किती मोठं लावते, हे सगळं सत्यवती बघायला लागली. चौसष्टाव्या वर्षी, गुडघे धरून उठणारी बाई, आरशापुढं उभी राहून स्वतःचं कुंकू मोठं करून बघत होती. हसू नका. तुमच्या घरात असं झालं तर तुम्हीही बघाल.

हे असं तीन आठवडे चाललं. तिसऱ्या शुक्रवारी सत्यवतीनं आंघोळ करून चवथीला घेतलेली, घडी न मोडलेली साडी नेसली. का नेसली ते विचारायचं काम नाही. केस विंचरता विंचरता तिला पडवीतून हसणं ऐकू आलं. शिवदासचं हसणं. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात असं पोट धरून हसलेला तिनं त्याला ऐकला नव्हता. ती पडवीच्या दारात आली. मंजुळानं दोराची भलतीच गाठ मारली होती आणि स्वतःचाच हात त्यात अडकवून घेतला होता. शिवदास ती गाठ सोडवत कसली तरी हकीकत सांगत होता, मुरगावच्या बंदरात बाबलीनं अशीच गाठ मारली आणि बार्ज हाकणाऱ्या सारंगाची टोपी पाण्यात गेली ती. सगळी हकीकत, नावागावासकट.

सत्यवती पुढं झाली. शिवदासनं वर बघितलं, हसणं गिळलं आणि तो चांगल्या माणसासारखा उठून उभा राहिला.

"बाय, हय खय इलंस तू? बायलमाणसांचा हय काम नाय. घराक जा. घोव येतलो तुजो शनवारी."

मंजुळा हसली. वाईट मनानं नाही. प्रसंग सावरायला माणूस हसतो तशी हसली. पण सत्यवतीच्या अंगाचा तिळपापड झाला. स्वतःच्या पडवीतून, स्वतःच्या नवऱ्यानं, त्या बाईसमोर तिला घरी जायला सांगितलं होतं.

एक वाजता मंजुळा निघाली तेव्हा सत्यवती म्हणाली, "फाल्यापासून येव नको. आमी फोंड्याक जातांव चेडवाकडे. म्हयनोभर." खोटं बोलताना तिचा आवाज जराही हलला नाही. मंजुळा म्हणाली, "बरं वैनी. तांडेलांची काळजी घ्या," आणि गेली. पैंजणांचा आवाज फाटकापर्यंत ऐकू येत होता. सत्यवतीनं तो शेवटपर्यंत ऐकला.

शनिवारी तिनं सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं, हुमण केलं, सोलकढी केली, उकड्या तांदळाचा भात. ताट वाढून पडवीत ठेवलं, पुढ्यात बसली आणि म्हणाली, "जेवा." तिला वाटलं, आज तरी. आज तर दुसरं कुणी नाही.

शिवदासनं ताटाकडे बघितलं. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. हात मांडीवर ठेवले.

"जेवतंय मागीर."

दोन वाजले, तीन वाजले. हुमणावर साय धरली. सत्यवती पंख्यानं माशा वारत बसून राहिली. रविवारी तेच. सोमवारी तिनं घास बळंच तोंडात कोंबला, त्यानं तो थुंकला आणि हाताच्या झटक्यानं ताट पार अंगणात गेलं. मंगळवारी चहासुद्धा अर्धा राहिला आणि पायरीवरून उठताना तो खाली बसला तो बसलाच. शेजाऱ्यांनी धरून खाटेवर आणून घातला. आरोग्य केंद्रातला डॉक्टर घरी येऊन गेला. तरुण होता, पण नीट बोलला. म्हणाला, आणखी दोन दिवस असंच राहिलं तर दवाखान्यात नेऊन नाकातून नळी घालावी लागेल. आणि नळी त्यांना सहन होणार नाही, ते ओढून काढतील, मग हात बांधावे लागतील. जाता जाता त्यानं सत्यवतीलाही विचारलं, "काकी, तुम्ही जेवता का?" ती म्हणाली, "माका काय धाड भरल्या!"

हात बांधणार. ज्या हातांनी आयुष्यभर दोर बांधले ते बांधणार. ते ऐकून सत्यवती आत गेली आणि पिठाच्या डब्याला टेकून उभी राहिली. मंजुळा आल्यावर तो जेवत होता. मंजुळाला आपण घालवली. हे दोन्ही तिला आता लपवता येण्यासारखं नव्हतं, स्वतःपासूनसुद्धा.

तनया रजा टाकून आली होती. बापापाशी तिला बसवून सत्यवती रिक्षा करून वसाहतीकडे गेली. भाड्याच्या खोल्यांची एक लांब ओळ, प्रत्येक दारापुढं बादली. मंजुळा दारात बसून भाकरी थापत होती. सत्यवतीला बघून तिचे हात थांबले.

"वैनी? फोंड्याहून कधी आलात?"

सत्यवतीनं ठरवून आणलेलं गोड बोलणं कुठल्या कुठे गेलं. तोंडातून आलं ते भलतंच. "तू काय घालतंस त्येंच्या ताटात? काय खायवलंस त्येंका? खरा सांग माका."

मंजुळाचा चेहरा पडला. ती उठली, हात धुतले, पदराला पुसले. "मी तशी बाई नव्हं वैनी," ती म्हणाली. "म्हापशाची म्हातारी माझ्या मांडीवर गेली. तिच्या सुनेनं पण असंच विचारलं होतं." मग म्हणाली, "तांडेल जेवत न्हाईत काय?"

सत्यवती खाली बसली. पीठ सांडलं होतं त्यातच बसली. चार दिवसांचं सगळं तिनं सांगितलं. फोंड्याचं खोटं पण सांगितलं. मंजुळानं ऐकून घेतलं.

"मी काय बी करत न्हाई," ती म्हणाली. "मला बारा वाजता भूक लागते. घरनं आणलेल्या दोन भाकऱ्या मी पडवीत बसून खातो. ते बघत असतात. माझं झालं की ताट ओढतात नि जेवतात. पहिल्यांदा मी म्हटलं, तांडेल, तुम्ही आधी जेवा. तर मला दम दिला. म्हणाले, खलाशी उपाशी असताना तांडेल जेवत न्हाई. माझ्या बार्जीवर तसं चालायचं न्हाई."



"तुम्हाला सांगितलं न्हाई, कारण मला वाटलं तुम्हाला ठाऊकच असंल," मंजुळा म्हणाली. "तुमचे मालक ते." आणि मग तिनं विचारलं, "वैनी, तुम्ही कधी जेवता?"

"त्येंच्या मागसून," सत्यवती म्हणाली. "आनी कधी?"

आणि बोलता बोलता तिचं तिलाच उमगलं. तो बसलेला, ताट पुढ्यात घेऊन, समोरचं माणूस कधी जेवतं त्याची वाट बघत. ती बसलेली, पंख्यानं माशा वारत, नवरा जेवल्यावर आपण जेवू म्हणून. सहा महिने. दोघंही एकमेकांसाठी उपाशी आणि दोघांचंही पोट पाठीला. मंजुळानं तिचं मनगट धरून बांगड्या कोपरापर्यंत सरकवून दाखवल्या. "तुम्हीच निम्म्या झालाय," ती म्हणाली. "आजारी माणसाला बघणारं माणूस आधी जेवतं वैनी. त्याला काय पाप न्हाई."

तिथंसुद्धा, त्या पिठात बसूनसुद्धा, सत्यवतीचं जळकुटं पोट जळलंच. त्रेचाळीस वर्षं आपण ज्याचं ताट वाढलं, त्याची ही एक गोष्ट आपल्याला ठाऊक नव्हती, आणि हिला तीन दिवसांत कळली! पण ती म्हणाली, "फाल्या येशीत?"

"येतो की," मंजुळा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती आली. तनयानं बापाला धरून पडवीत भिंतीला उशी लावून बसवलं. बारा वाजता मंजुळा आपली फडक्यातली भाकरी सोडायला लागली तेव्हा सत्यवती म्हणाली, "थांब. तू आज भायर बस. आज मी जेवतंय."

मंजुळानं एकदा तिच्याकडे बघितलं, फडकं गुंडाळलं आणि तनयाला घेऊन बाहेर फणसाखाली जाऊन बसली.

सत्यवतीनं दोन ताटं आणली. एक त्याच्यापुढं, एक आपल्यापुढं. भात, डाळ, भोपळ्याची भाजी. साधंच. तिनं घास कालवला आणि हात तिथंच थांबला. सासूच्या हयातीत सोडा, सासू गेल्यावरसुद्धा, तनया पोटात असताना डोळ्यांपुढं अंधारी यायची तेव्हासुद्धा, नवरा घरात असताना तिनं त्याच्याआधी कधी तोंडात घास घातला नव्हता. तिला लाज वाटली. कुणी बघत नव्हतं तरी तिनं दाराकडे बघितलं. मग डोळे मिटून घास तोंडात टाकला.

डोळे उघडले तेव्हा शिवदास तिच्याकडे बघत होता. पहिल्यांदाच तिच्याकडे, पलीकडे नव्हे.

"जेव," तो म्हणाला. आवाज खोल गेला होता. "सावकाश जेव. घाय नाय."

ती जेवली. चार दिवसांची भूक होती, भात गोड लागत होता, याचीही तिला लाज वाटली. तिचा निम्मा भात झाल्यावर शिवदासनं आपलं ताट पुढं ओढलं आणि शितं सांडत खायला लागला. सत्यवतीनं मदत केली नाही. हात मांडीखाली दाबून धरला.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "नवो मरे तू? खयचो?"

तिला दुसरं काही सुचलं नाही. "कोरगावचो," ती म्हणाली.

शिवदासचा हात थांबला. "माजी बायल कोरगावची."

 विचारू नये हे सत्यवतीला कळत होतं. बरं काही निघालं तरी वाईट, वाईट निघालं तर त्याहून वाईट. पण जन्माची सवय, तिनं विचारलंच. "कशी आसा ती?"

त्यानं आणखी एक घास खाल्ला. विसरला असं वाटत असताना बोलला.

"जळता," तो म्हणाला, आणि त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. "ह्या बार्जीर जळता. येडी. पण मी जेवल्याशिवाय जेवना ती. शनवारी पावाक उशीर जालो तरी ताट झाकून बसान रवता, आनी माका सांगता, मी मगाशीच जेवलंय. खोटा बोलता. माका कळता." त्यानं बोटं ताटात फिरवली. "म्हणान मी शनवारी भरती चुकवनंय नाय. मुरगावसून धावडायत हाडतंय बार्ज. खलाशी हसतत माका. हसांदेत."

"तिका सांगितलास कधी?"

"तिका?" त्याला प्रश्नच विचित्र वाटला. "असला सांगतत काय बायलेक?"

बाहेर फणसाखाली तनया आणि मंजुळा हळू आवाजात बोलत होत्या. शिवदासनं ताटातला शेवटचा भात गोळा केला, खाल्ला, आणि मग काहीतरी कामाचं आठवल्यासारखा तिच्याकडे झुकला.

"तू कोरगावचो मरे? उतारलंस काय वाटेर माजा घर लागता. तिका सांग, तांडेल येता भरतीर. पण वाट बघू नको म्हण. आज तरी आदी जेव म्हण तिका."

"सांगतंय," सत्यवती म्हणाली.

आयुष्यभर तिनं पुष्कळ बायकांचा हेवा केला होता. केसांसाठी, शिलाई मशीनसाठी, संध्याकाळच्या पाचासाठी, मंजुळाचा तर कालपरवापर्यंत. पण कोरगावच्या त्या बाईचा, जिच्यासाठी एक माणूस एकतीस वर्षं भरती गाठत नदीतून धावत येत होता आणि जिला त्याचा पत्ताही नव्हता, तिचा असा काही हेवा तिला वाटला की तोंडातला घास गिळेना. तरी तिनं तो गिळला. तांडेल बघत होता.